हद्द झाली!

बसमध्ये चढताना खिशातला मोबाइल गेला. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "बस नाल्याच्या अलीकडे होती की पलीकडे?" अलीकडची हद्द शेजारच्या ठाण्याची, पलीकडची त्याच्याही शेजारच्यांची. नाला कोणाचा, हे विचारायचं राहूनच गेलं.

मी मात्र अभ्यास करून गेलो होतो. नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, लागू १ जुलै २०२४ पासून: दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घ्यायची आणि तिची प्रत फुकट द्यायची. शिवाय २०१३ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा ललिता कुमारी निकाल तोंडपाठ. तो म्हणतो, दखलपात्र गुन्हा नोंदवणं बंधनकारक.

ठाणे अंमलदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वकील आहात?"

"नाही, ग्राहक... म्हणजे नागरिक."

"मोबाइल केवढ्याचा?"

"चौदा हजारांचा."

"घेऊन किती वर्षं झाली? काचेला तडा होता का?"

एवढ्या आपुलकीनं माझ्या मोबाइलची विचारपूस घरातही कोणी केली नव्हती. घसारा वजा जाता किंमत चार हजार नऊशेवर आली. पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र! कायदा मी एकटाच वाचून आलो नव्हतो तर.

शेवटी 'चोरीस गेला'ऐवजी 'गहाळ झाला' असं लिहिण्यावर तडजोड झाली. त्या कागदाची प्रत मागितली, तेव्हा साहेबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं, "समोर झेरॉक्सवाला आहे. दोन रुपये सुटे ठेवा."