जपानची रंगीत तालीम

आमच्या जपानवारीचा घाट सेन्सेईने घातला. सेन्सेई म्हणजे जपानीत गुरुजी. हा किताब त्याला मिळाला तो जपानी भाषेची एन-फाइव्ह परीक्षा पास झाल्याबद्दल. ही त्या परीक्षांची सर्वांत खालची पायरी. एवढ्या भांडवलावर माणूस स्टेशन कुठे, संडास कुठे, हे केवढ्याला, एवढं विचारू शकतो. उत्तर कळायला एन-फोर लागत असावी. मराठी माणसाच्या जपानवेडाचं खापर पुलंच्या 'पूर्वरंग'वर फोडायची पद्धत आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर केलेल्या उद्यानालाही त्यांचंच नाव आहे. पण आमच्या सेन्सेईला जपान चढला तो यूट्यूबवरून. पुस्तक निदान मिटून ठेवता येतं.

"असेच गेलात तर लाज काढाल," तो म्हणाला. "आधी तालीम करायची. अलिबागला."

अलिबागच का, याचा त्याने तक्ता केला होता. तिकडे रयोकान नावाची पारंपरिक उतारशाळा, तर इकडे नागावातलं वाडीतलं घर. तिकडे हिरोशिमाजवळ मियाजिमा बेटापाशी समुद्रातलं तोरी नावाचं देवळाचं महाद्वार, तर इकडे कुलाबा किल्ला, कारण ओहोटीला दोन्हीकडे चालत जाता येतं. ओन्सेनच्या गरम झऱ्यांसाठी पालीजवळचं उन्हेरं धरलं होतं. पण ओन्सेनमध्ये अंगावर सूत न ठेवता उतरतात हे कळताच आमच्या सीएने तो रकाना खोडला. उन्हेऱ्याला कपडे काढायची सक्ती नाही, असं आम्ही परोपरीने सांगितलं. "तिथली नाही रे," तो म्हणाला, "सेन्सेईची असेल."

तालीम गेटवेपासूनच सुरू झाली. जपानी गाडीत कुणी फोनवर बोलत नाही, तेव्हा मांडव्यापर्यंत मौन. हिवाळ्याचे दिवस. सीगल लाँचच्या मागे लागले होते आणि अख्खी लाँच त्यांना वेफर भरवत किंचाळत होती. त्या गदारोळात आम्ही चौघेच तोंड मिटून. शेजारच्या आजींनी सहानुभूतीने विचारलं, "लाँच लागते का हो?" आणि तेवढ्यात आमच्या दाताच्या डॉक्टरचा फोन वाजला. पलीकडे दाढ ठणकत होती. "मिठाच्या पाण्याने गुळण्या करा! गुळण्या!" हे त्याने इंजिनाच्या वर आवाज चढवून सांगितलं. मांडवा येईपर्यंत दोघा सहप्रवाशांनी त्याच्यापुढे आ केला होता.

नागावच्या काकूंनी आम्हाला अंगणातच अडवलं. चपला बाहेर, पाय धुऊन आत, वाळूचा कण घरात येता कामा नये. सेन्सेई हरखला. रयोकानमध्ये अगदी असंच असतं! संडासाच्या चपला वेगळ्या, जेवण ठरल्या वेळी, रात्री जमिनीवर गाद्या. त्याच भरात त्याने काकूंना सांगितलं, "जेवण बरोबर सातला."

"आज संकष्टी आहे," काकू म्हणाल्या. "चंद्राला कळवलंय का सातचं?"

म्हणजे मासळीही नाही. ताज्या सुरमईचं साशिमी करायचं म्हणून सेन्सेई बाजारात चौकशी करून आला होता. तिथल्या मावशीने त्याला आपादमस्तक न्याहाळून विचारलं होतं, "मावरं कच्चं खाशील? घरात चूल नाय का?" सीएचा तर कडक उपवास. तो दुपारपासून आभाळाकडे बघत बसला.

चंद्र उगवेपर्यंत वेळ काढायला चहाचा विधी झाला. सोळाव्या शतकातल्या सेन नो रिक्यूने ज्याला साधेपणाची शिस्त लावली तो हा विधी. सेन्सेईने माचाची डबी आणली होती, पण तो घुसळायचा बांबूचा कुंचला घरी राहिला. काकूंकडून रवी मागून आणली. चिमूटभर हिरवी पूड, वाडगाभर कोमट पाणी आणि ताक घुसळायची रवी. दोन फेऱ्यांत माचा भिंतीवर, सीएच्या पांढऱ्या सदऱ्यावर आणि थोडा वाडग्यात होता. वाडगा दोन्ही हातांनी धरायचा, थोडा फिरवायचा, शेवटचा घोट आवाज करून ओढायचा, हे नियम. हा शेवटचा नियम मात्र आम्हाला शिकवावा लागला नाही. डॉक्टरने असा फुरका मारला की काकू आतून बाहेर आल्या. वाडग्यात डोकावून म्हणाल्या, "शेवग्याचा पाला का? गूळ तरी घालायचा."

चंद्र नवानंतर उगवला. उकडीचे मोदक, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी यांच्यापुढे आम्ही आपोआप मौन पाळलं. सेन्सेईच्या तक्त्यातला तेवढा एकच रकाना यशस्वी झाला.

सकाळी मियाजिमा, म्हणजे कुलाबा. तिकडचं सध्याचं तोरी 1875 सालचं, कापराच्या लाकडाचं, सोळाएक मीटर उंच. खाली गाडलेलं नाही, स्वतःच्या वजनावर उभं आहे. हे सगळं सेन्सेईने किनाऱ्यावर घोडागाडीवाल्याला ऐकवलं आणि वेळापत्रक काढलं: साडेअकरा, किल्ला. बारा चाळीस, परत. घोडागाडीवाल्याने कागदाकडे बघितलंही नाही. "काल चौथ, आज पंचमी. पाचाची पाऊणपट करा."

"पावणेचार," सीए ताडकन म्हणाला.

"पावणेचारला भरती. म्हणजे पावणेदहाला पूर्ण सुकती. साडेअकराच्या आत बाहेर निघायचं. नाहीतर मुक्काम."

तिथी गुणिले पाऊण! या किनाऱ्याचं वेळापत्रक एवढ्या एका गुणाकारात बसतं, हे ऐकून सीएचा चेहरा लेजर जुळल्यासारखा उजळला. 2017 साली तोक्योजवळची एक गाडी वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली होती, ती गोष्ट सेन्सेई नेहमी सांगतो. अलिबागचा समुद्र माफी मागत नाही, पण वेळ पाळतो.

किल्ल्याचं काम शिवरायांनी 1680 साली सुरू केलं, पुढे तो आंग्र्यांचं मोठं ठाणं झाला. आत राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. चहूकडे खारं पाणी असून विहीर गोड्या पाण्याची आहे. कालचा उपवास सत्कारणी लागला म्हणून सीए देवळात बसला तो बसलाच. सेन्सेई तटावर शांतता अनुभवत होता, डॉक्टर त्याचे फोटो काढत होता. घोडागाडीवाला दोनदा हाका मारून गेला. आम्ही दरवाजात आलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि वाट पाण्याखाली होती.

होडी मिळाली. सेन्सेईने नावाड्यापुढे कमरेतून वाकून मनापासून आभार मानले. "कंबर धरली का?" नावाडी म्हणाला. "खाली बसा, होडी कलते."

जपानचं बुकिंग झालं आहे. सेन्सेईने नवा तक्ता पाठवला, त्यात मियाजिमापुढे वेळेऐवजी तिथी आहे आणि कंसात पाऊणपट. प्रत्येक बंदराचा हिशेब वेगळा असतो, मुंबई-अलिबागची पाऊणकी हिरोशिमाला चालायची नाही, असं मी कळवलं. त्यावर अजून खल चालू आहे. सीएची विचारणा वेगळीच आहे: तारखांमध्ये संकष्टी येते, तर तिथला चंद्रोदय किती वाजता, आणि रयोकानवाले तोवर साबुदाण्याची खिचडी देतील का.