गर्दीविरोधी आंदोलन: जालना जिल्ह्यासाठी मार्गदर्शिका

सार्वजनिक वाहनांतील गर्दीविरुद्ध आंदोलन करू इच्छिणाऱ्यांना जालना जिल्ह्यात एसटी आणि रेल्वे अशी दोन क्षेत्रे उपलब्ध आहेत. नवशिक्याने एसटीपासून सुरुवात करावी. तिथे चेंगरण्याचा सराव स्वस्तात होतो.

पहिली पायरी मोजणीची. साध्या लालपरीची क्षमता 44 बसलेले आणि 11 उभे अशी धरली जाते. शाळा-कॉलेज सुटण्याच्या वेळेची अंबड किंवा भोकरदनची गाडी निवडल्यास अकराचा आकडा बसस्थानकाच्या फाटकातच मागे पडतो. मांडीवरची लेकरे, दप्तरे आणि बियाण्यांच्या पिशव्या यांचा हिशेब वेगळा ठेवावा. राजूरच्या गणपतीला जाणारी अंगारकीची गाडी मोजणीस अजिबात घेऊ नये. तिथे मोजणारा स्वतःच मोजला जातो.

गर्दी का वाढली, या चर्चेत मात्र शिरू नये. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट मिळू लागले. गाड्या त्या मानाने वाढल्या नाहीत. हे बोलणे पूर्वार्धापर्यंत आले की निम्मी बस विरोधात जाते, आणि उत्तरार्ध कोणी ऐकून घेत नाही. विरोधकांत आंदोलकाची आईही असू शकते.

मोजणीनंतर जागा धरणे येते. गाडी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल, टोपी किंवा पिशवी आत टाकावी. रुमालाला कोणत्याही नियमात स्थान नाही, तरी सातबाऱ्यावरच्या नावाइतका मान त्याला मिळतो. रुमाल नसल्यास आमदारांसाठी राखीव आसनावर बसून आमदारांची वाट पाहावी. आजवरच्या अनुभवानुसार ही वाट शेवटच्या थांब्यापर्यंत बिनधोक पाहता येते.

जागा न मिळाल्यासच तक्रारीकडे वळावे. वाहकाकडे तक्रार पुस्तक मागावे. ते हातोहात पोचेपर्यंत बदनापूर येते. गर्दीची तक्रार लिहायला कोपर हलवण्याइतकी जागा हवी, आणि तेवढी जागा असेल तर तक्रारीत दम राहत नाही. म्हणून जाणकार थेट निवेदन देतात. ते विभाग नियंत्रकांच्या नावे लिहून जिल्हाधिकारी, पालकमंत्री आणि पोलीस निरीक्षकांना प्रती द्याव्यात. आवक शिक्क्याची स्थळप्रत जपून ठेवावी. निवेदन देतानाच्या फोटोत सर्वांनी कागदाला हात लावलेला दिसला पाहिजे. कागद लहान पडल्यास पुढच्याच्या खांद्याला हात लावला तरी चालतो. शेवटच्या परिच्छेदात 'तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' हे वाक्य तारखेसह घालावे. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट या तारखा सगळीकडेच चालतात. मराठवाड्यात 17 सप्टेंबर जादा मिळते.

रेल्वेचे निवेदन अधिक प्रवास करते. जालन्याचे स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात, त्या रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबादला. मनमाड ओलांडले की हद्द मध्य रेल्वेची, म्हणजे मुंबईची. प्रत्येक कार्यालय निवेदन आपुलकीने दुसऱ्याकडे पाठवते. 1900 साली निजामाच्या काळात सुरू झालेला हा मार्ग जालन्यापाशी अजून एकेरी आहे. छत्रपती संभाजीनगर ते परभणी दुहेरीकरणाला केंद्राची मंजुरी 2025 मध्ये आली. एकेरी मार्गावर जादा गाडी सोडायची तर समोरून येणारीला कुठेतरी थांबवावे लागते, हे उत्तर अभ्यासपूर्ण असून खरेही आहे.

मागणी नेमक्या शब्दांत करावी. 'जनरल डबे वाढवा' असे न लिहिता नुसते 'गाडी द्या' म्हटले, तर गाडीच मिळते. 30 डिसेंबर 2023 रोजी जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली. तेव्हा जालन्याचे खासदार रावसाहेब दानवे रेल्वे राज्यमंत्री होते. सुरुवातीला डबे आठ, सगळेच वातानुकूलित खुर्च्यांचे, जनरल डबा एकही नाही. गर्दी हटवण्याचा हा उपाय शास्त्रशुद्ध म्हणावा लागेल, कारण गर्दीला त्यात तिकीटच मिळत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये ही गाडी नांदेडपर्यंत नेण्यात आली. तेव्हापासून जालनेकरांच्या निवेदनात एक कलम वाढवण्याची सोय झाली.

टोकाचे उपाय योजण्याआधी दरपत्रक पाहावे. विनाकारण साखळी ओढल्यास रेल्वे कायद्याच्या कलम 141 नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रेल रोकोला कलम 174 नुसार दोन वर्षे किंवा 2000 रुपये किंवा दोन्ही. रेल रोकोसाठी खेड्यापाड्यांतून माणसे आणावी लागतात. ती काळी-पिवळी जीपमधून, पायरीवर आणि टपावर बसून येतात. या प्रवासाचे फोटो प्रसिद्धीस देऊ नयेत.

आंदोलन बहुधा जागा मिळताच संपते. संध्याकाळी रेल्वेने संभाजीनगरहून परतूरकडे निघालेल्याला ती जालन्यात मिळते. बसताक्षणी दाराकडे तोंड करून 'मागचा डबा सगळा रिकामा आहे' असे मोठ्याने सांगावे, बॅग शेजारी ठेवावी आणि डोळे मिटावेत.