सूचनाकाका

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातल्या कुठल्याही चाळीत जा, एक सूचनाकाका असतातच. हयात बेस्टमध्ये, महापालिकेत नाहीतर गिरणीच्या स्टोअरमध्ये गेलेली. अक्षर वळणदार. खिशाला दोन पेनं: निळं सर्वसाधारण मजकुरासाठी, लाल फक्त ‘नये’साठी. तोंडी ते कुणाला काही सांगत नाहीत, कारण माणसं ऐकत नाहीत यावर त्यांचा गाढ विश्वास.

पुणेरी पाटी वाचणाऱ्याची जिरवते. काकांना जिरवण्यात रस नाही, त्यांना मोटर वाचवायची असते. पंपाच्या बटणाशेजारचा त्यांचा कागद असा: ‘पंप. खालच्या टाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो. खालची टाकी निम्म्याहून कमी असल्यास चालू करू नये, मोटर जळते. शेजारचे बटण जिन्याच्या दिव्याचे आहे, त्याचा पंपाशी संबंध नाही. आवाज येऊनही पाणी चढत नसेल तर पुन्हापुन्हा बटण दाबू नये. खोली नंबर ११ मध्ये सांगावे.’ एका बटणासाठी एवढा निबंध म्हणून चाळ हसते. कागद लागल्यापासून मोटर जळलेली नाही, यावर मात्र कुणी बोलत नाही.

काकांचा पुतण्या लोअर परळला, पूर्वी जिथे गिरणीचा भोंगा व्हायचा तिथल्या काचेच्या इमारतीत, एआय एजंट बनवतो. एजंटच्या हाती टूल्स द्यायची: हे ग्राहक शोधतं, ते ईमेल पाठवतं. आतला कोड एजंटला दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं एवढंच. त्यावरून कुठलं टूल कधी उचलायचं ते तो ठरवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एजंटला टूल्स जोडायची सामायिक पद्धत, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, खुली केली आणि ही जोडाजोड सोपी झाली. टूल्सचं पेव फुटलं. वर्णनं मात्र एका ओळीचीच राहिली.

पुतण्याचंही तसंच. ‘ग्राहकाची माहिती आणते.’ काकांनी चष्मा चढवला.

“कुठल्या ग्राहकाची? नावावरून की नंबरावरून? आपल्या चाळीत पाच सावंत आहेत. पाचही सापडले तर तुझा एजंट कुणाची कडी वाजवणार? आणि एकही नाही सापडला तर?”

“काका, एजंटमागचं मॉडेल हुशार आहे. घेतं समजून.”

“हुशाराचीच धास्ती असते रे. मठ्ठ माणूस विचारायला तरी येतो. हुशार अंदाज करतो.”

पुढे ‘ग्राहक शोधा’ आणि ‘ग्राहक पाहा’ अशी दोन टूल्स निघाली. दोन्ही एकच काम करतात की वेगळं, हे पुतण्यालाही आठवेना. काका उसळले. “दादरला एक नंबर फलाटावर उभा आहे म्हणायचे लोक. पश्चिमचा एक की मध्यचा एक? किती सोयरिकी पुलावरच मोडल्या असतील! शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिमला १ ते ७ ठेवले आणि मध्यला ८ ते १४ दिले. रेल्वेला जे कळलं ते तुला कधी कळायचं?”

तारखेच्या रकान्यावरून पंधरा मिनिटं गेली. ०५/०६ म्हणजे मे की जून? “वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, असं नमुन्यासकट लिही.” मग आलं ‘ऑर्डर रद्द करते’. “रद्द केलेली परत मिळते? नाही ना? मग माणसाला विचारल्याशिवाय वापरू नये, हे लाल पेनाने लिही.”

“काका, यात लाल पेन नसतं.”

“मग पहिल्या ओळीत लिही.”

काकांचा दोष एकच, आवरतं घेणं ठाऊक नाही. त्यांनी स्वतः लिहिलेलं पहिलं वर्णन दोन पानी झालं. पुतण्याने समजावलं, की सगळ्या टूल्सची वर्णनं मॉडेलला प्रश्नासोबत वाचावी लागतात, जागा मर्यादित असते आणि मजकुराच्या लांबीवर पैसे पडतात. काकांचा चेहरा उजळला. “म्हणजे तार!” तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण शब्दाला पैसे मोजलेला माणूस ते विसरत नाही. त्यांनी ‘अत्याधुनिक’, ‘सुलभ’, ‘सर्वसमावेशक’ सटासट उडवले. ‘नये’ मात्र एकही काढलं नाही.

असा माणूस घरात असला की वैताग येतो, यात वाद नाही. गॅसच्या शेगडीपासून चपलांच्या रॅकपर्यंत सगळीकडे कागद. पण जो वाचक काही विचारायला येत नाही आणि मिळाल्या मजकुरावर बेधडक कामाला लागतो, त्याच्यासाठी लिहायचं तर सगळ्या शंका लिहिणाऱ्यालाच आधी काढाव्या लागतात. या कामासाठी माणसं घेताना कंपन्यांनी पदवी थोडी कमी बघावी आणि शंकेखोरपणा थोडा जास्त.