शाहीर, मानधन अधिक जीएसटी

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचा वार्षिक मेळावा डोळ्यांपुढे आणा. यंदा प्रेरणादायी वक्ता म्हणून चळवळीतला शाहीर हवाय. पण ‘पॉझिटिव्ह’ बोलणारा. डफ चालेल, आवाज बेताचा ठेवा. संप, बोनस, कंत्राटी हे शब्द तेवढे टाळा. पंचेचाळीस मिनिटं, मग तांबडा-पांढरा रस्सा.

1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकरांनी लालबावटा कलापथक काढलं. समोर गिरणी कामगार बसायचा, एचआर नव्हे. सरकारनं त्यांच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. आता असली बंदी वक्त्याच्या परिचयात चमकते: ‘व्यवस्थेला हादरवणारा आवाज’. हादरे मात्र फौंड्रीतल्या मशीननंच द्यायचे!

शाहिरानं जाऊ नये, असं मी म्हणत नाही. पोट त्यालाही आहे, आणि कोल्हापूरला कलावंतांच्या राजाश्रयाचं वावडं कधीच नव्हतं. फक्त शाहू महाराज मैफलीआधी शब्दांची यादी पाठवत असतील, असं वाटत नाही.

बाकी भावा, हॉलच्या गेटवर उभा असतो तो वॉचमन कंत्राटी. त्याला डफ बाहेरूनच ऐकू येतो.