नवशिक्या सार्वभौमांसाठी परराष्ट्र धोरण (किंग कोठी पद्धत)

आपण नुकतेच सार्वभौम झाला आहात. अभिनंदन! चहूबाजूंनी दुसऱ्याचा मुलूख, समुद्र कुठेच नाही, आणि दीड कोटीहून जास्त प्रजेपैकी बहुतेकांचा धर्म नि बोली आपल्याहून वेगळी. घाबरू नका. हैदराबादेत हा प्रयोग १९४७-४८ साली शेवटपर्यंत करून झाला आहे. पुढच्या सूचना तिथल्याच, निजामांच्या किंग कोठी या निवासस्थानातल्या.

सुरुवात कपाटापासून करा. नकाशा पाहू नका, त्याने मन विचलित होतं. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कपाटात इंग्रजांचे तह होते आणि ‘ब्रिटिश सरकारचे विश्वासू मित्र’ असा किताब होता. याच मित्रांनी वऱ्हाड आधी ताब्यात घेतलं, १९०२ साली कायमच्या पट्ट्याने ठेवून घेतलं, आणि निजामांनी ते परत मागितलं तेव्हा, १९२६ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी लेखी कळवलं की हिंदुस्थानात ब्रिटिश राजमुकुटाच्या बरोबरीला कुणी बसू शकत नाही. पुढे १९३६ साली समजूत म्हणून युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ (म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र) पदवी मिळाली. मुलूख नागपूरकडे, पदवी हैदराबादेकडे. एखादा कुणबी यातून शहाणा झाला असता. आपण ते पत्रही जपून कपाटात ठेवा आणि जून १९४७ मध्ये फर्मान काढा: इंग्रज गेले की आम्ही स्वतंत्र.

सोयरीकही जागतिक दर्जाची हवी. १९३१ साली फ्रान्समधल्या नीस शहरात याच युवराजाचं लग्न तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची कन्या दुर्रुशेहवार यांच्याशी झालं. खिलाफत १९२४ मध्येच बरखास्त झाली होती. पण गादी गेलेल्या घराची ऐट जात नाही, आणि आपल्याला हवी आहे ती ऐटच.

आता सही. हा धडा सावकाश वाचा. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारताशी ‘जैसे थे’ कराराचा मसुदा ठरला, निजामांनी मान्य केला. २७ तारखेच्या पहाटे शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, तर पंतप्रधान छतारीचे नवाब आणि निजामांचे इंग्रज कायदेपंडित वॉल्टर मंक्टन यांच्या घरांना ‘इत्तेहाद’ या मुस्लिम संघटनेच्या जमावाने वेढा घातलेला. त्यांचे पुढारी कासिम रझवी, आमच्या लातूरचे वकील. त्यांचं म्हणणं, भारत काश्मिरात गुंतलाय, आता ताणून धरा, अटी सुधारतील. छतारी पायउतार झाले. नवं शिष्टमंडळ नेमलं. त्याने महिनाभर खल करून २९ नोव्हेंबरला सही केली ती जवळपास त्याच कागदावर! फरक एवढाच की जाणते सल्लागार गमावले आणि रझवींना कळलं की दरबारापेक्षा गर्दी मोठी.

सही झाली की करार मोडायला घ्या. परराष्ट्र व्यवहार दिल्लीकडे सोपवलेत ना? मग पाकिस्तानला २० कोटींचे रोखे कर्जाऊ द्या. भारतीय चलनावर निर्बंध घाला. सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाकरवी कराचीहून रातोरात शस्त्रं आणवा.

समोरच्याचा स्वभाव जोखताना मात्र सोयीचा तेवढाच जोखा. दिल्लीत दोन स्वभाव नांदत होते. नेहरूंचं सरकार काश्मीरचा प्रश्न आपणहून संयुक्त राष्ट्रसंघात घेऊन गेलं. जग काय म्हणेल याचं नेहरूंना मोल होतं. सरदार पटेलांसमोर नकाशा असे, आणि त्या नकाशाच्या पोटात हैदराबाद. आपण नेहरूच धरा. ऑगस्ट १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेकडे तक्रार करा. ११ सप्टेंबरला जिना वारले, १३ ला भारताच्या फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या. १६ ला पॅरिसमध्ये परिषदेपुढे विषय निघाला, १७ ला इकडे निजामांनी युद्धबंदी जाहीर केली. २२ ला तक्रार मागे.

इथे थोडा वेळ विनोद बाजूला ठेवतो. रझाकार म्हणजे रझवींची सशस्त्र टोळी; मराठवाड्यातली म्हातारी माणसं अजून ‘रझाकाराच्या वेळी’ असं म्हणून काळ मोजतात. आणि त्या सप्टेंबरात नि त्यानंतर गावोगावच्या निरपराध मुसलमानांवर जे गुदरलं, ते आमच्या मुक्तिदिनाच्या भाषणांत येत नाही. ताणून धरायचा सल्ला देणारे रझवी तुरुंग भोगून पाकिस्तानात गेले. निजाम १९५० मध्ये राजप्रमुख झाले. किंमत मोजली ती खेड्यांनी.

शेवटची सूचना पैशाची. सप्टेंबर १९४८ च्या त्याच गडबडीत निजामांच्या लंडनमधल्या खात्यातून १०,०७,९४० पौंड नि ९ शिलिंग पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात गेले. काही दिवसांत निजामांनी ते परत मागितले. बँक म्हणाली, खातेदाराची संमती आणा. ती काही मिळाली नाही. निजाम १९६७ साली वारले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने पैसे भारताचे आणि निजामांच्या वारसांचे ठरवले, तेव्हा व्याजासकट ती रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती.