मग, इनॅमल, एक नग

इंदूरमधल्या खजरान्याच्या गणपतीकडे गाऱ्हाणं घालायची पद्धत सोपी आहे. देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढायचं, नवस बोलायचा आणि काम झालं की येऊन ते सुलटं करायचं. कोर्ट फी नाही, मुदतीची अट नाही; 'सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही' असं बाप्पानं कुणाला कळवल्याचं ऐकिवात नाही. खुद्द मूर्तीची कथाही अशी की, औरंगजेबाच्या धास्तीनं ती विहिरीत दडवली होती आणि अहिल्याबाईंच्या काळात बाहेर निघाली. त्यामुळे दडवलेली वस्तू आज ना उद्या वर येतेच, असा इंदूरकरांचा ठाम विश्वास आहे. तो विश्वास लष्करी रुग्णालयाच्या कागदपत्रांना लावू नये, एवढीच नम्र विनंती.

खजरान्यात आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदारसाहेब राहतात. महूची छावणी इथून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे या बाजूला फौजी पेन्शनरांना तोटा नाही. परवा पोह्यांवर शेव भुरभुरता भुरभुरता मी त्यांना विचारलं, "साहेब, एम. एच.मध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, डॉक्टरच्या हातून चूक झाली तर जवानानं काय करायचं?"

"सॅल्यूट," साहेब म्हणाले.

"आणि त्यानं बरं नाही वाटलं तर?"

"दुसऱ्या दिवशी सिक रिपोर्ट. डॉक्टर तोच. म्हणजे पुन्हा सॅल्यूट."

साहेबांची बरीच वर्षं क्वार्टर मास्टरच्या स्टोअरमध्ये गेली. तिथल्या लेजरात प्रत्येक वस्तूचं जणू आडनाव बाजूला लावतात: 'मग, इनॅमल, एक नग'. हा एक नग हरवला की आधी जबाब, नंतर चौकशी, शेवटी पगारातून कपात. चाळीस वर्षांपूर्वीचं ब्लँकेट कुणाच्या सहीनं गेलं, हे साहेब आजही झोपेत सांगतील. देशाचं संरक्षण या काटेकोरपणावर उभं आहे. त्या लेजरात न मावणारी वस्तू एकच निघाली, ती म्हणजे रक्ताची बाटली.

ही गोष्ट माझ्या मनची नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातली आहे. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रम चालू होतं, सरहद्दीवर फौज उभी होती. जुलै 2002 मध्ये हवाई दलाचा एक जवान आजारी पडला आणि जम्मूकडच्या सांबा इथल्या 171 लष्करी रुग्णालयात दाखल झाला. तिथे त्याला एक युनिट रक्त चढवलं. गडी बरा होऊन ड्यूटीवर गेला. 2014 मध्ये पुन्हा आजारी पडला तेव्हा निदान झालं एचआयव्हीचं. 2014 आणि 2015 च्या मेडिकल बोर्डांनी लिहून दिलं की हा आजार सेवेमुळेच, त्या जुलैतल्या एक युनिट रक्तामुळे. बोर्ड फौजेचं, डॉक्टर फौजेचे, शिक्काही फौजेचा. 2016 मध्ये मुदतवाढ नाकारून त्याला निरोप दिला.

त्यानं भरपाई मागितली, तेव्हा मात्र सरकारला आपलीच सही ओळखू येईना. रुग्णालयातले जुने कागद मागावेत तर ते मिळेनात. 2021 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं तक्रार फेटाळली: निष्काळजीपणा दाखवणारा तज्ज्ञाचा पुरावा नाही. थोडक्यात, कागद ठेवायचे रुग्णालयानं, गहाळ करायचे रुग्णालयानं आणि हजर करायचे बाटलीखाली आडव्या पडलेल्या माणसानं.

भारतीय वैद्यक परिषदेचे आचारनियम एप्रिल 2002 चे, म्हणजे त्या बाटलीपेक्षा तीन महिन्यांनी थोरले. दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपावेत आणि त्यानं मागितले तर 72 तासांत द्यावेत, असं त्यात लिहिलं आहे. विषाणूनं मात्र हे नियम वाचलेले नसावेत. कागदाच्या नोकरीची मुदत तीन वर्षांची, आणि हा बारा वर्षं दबा धरून बसला!

सरकारी बाजूच्या भात्यात आणखी एक बाण होता: उपचार फुकट, सबब जवान हा ग्राहकच नव्हे. बिल फाडून घेणारा रुग्ण ग्राहक. डोकं, छाती, पाय असं सगळंच आधी सरकारजमा करून बसलेला मात्र फुकट्या. वास्तविक हा वाद केव्हाच निकालात निघालेला. नोकरीच्या अटींचा भाग म्हणून मालक उपचाराचा खर्च उचलत असेल, तर ती फुकटची सेवा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात सांगितलं होतं. 2007 मध्ये मध्य रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात तेच पुन्हा सांगितलं. रेल्वे हॉस्पिटलपर्यंत पोचलेला कायदा छावणीच्या गेटवर पासाअभावी अडला असावा.

अखेर 26 सप्टेंबर 2023 रोजी न्यायमूर्ती रवींद्र भट आणि दीपांकर दत्ता यांनी त्या कायद्याला आत सोडलं. घडलेली गोष्टच पुरेशी बोलकी आहे, तेव्हा निष्काळजीपणा झाला नाही हे आता रुग्णालयानं दाखवावं, असं ते म्हणाले. बुडालेल्या कमाईचे 86 लाख 73 हजार, मनस्तापाचे 50 लाख, पुढल्या देखभालीचे 18 लाख. एकूण 1 कोटी 54 लाख 73 हजार रुपये. भूदल आणि हवाई दल दोघंही जबाबदार. आपसात काय वाटून घ्यायचं ते घ्या, जवानाला या दारातून त्या दारात धाडू नका. सहा आठवड्यांत पैसे द्या.

आपल्याकडेच असं होतं म्हणून कुणी खंतावू नये. अमेरिकेत एका सैनिकाच्या पोटावर लष्करी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. पुढे आठ महिन्यांनी पोट पुन्हा उघडलं, तर आतून टॉवेल निघाला. 30 इंच लांब, 18 इंच रुंद, आणि वर ठसठशीत छाप: अमेरिकी लष्कराचा वैद्यकीय विभाग. आमचे सुभेदारसाहेब हे ऐकून गहिवरले. "बघा! शिक्का होता म्हणून माल कुणाचा ते तरी कळलं!" माल कळला, पण भरपाई मिळाली नाही. 1950 च्या फेरेस निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की सेवेच्या ओघात झालेल्या इजेसाठी सैनिकाला सरकारवर दावा लावता येणार नाही. 2019 च्या अखेरीस कायदा थोडा सैल झाला. आता दाद मागता येते, पण ती संरक्षण खात्याकडेच. टॉवेल ज्याचा, निवाडाही त्याचाच.

साहेबांना तरीही एक शंका होतीच. "जवान कोर्टात जायला लागले तर शिस्तीचं काय?" मी म्हटलं, साहेब, मग हरवला की तुम्ही चौकशी बसवत होता, तेव्हा बिघडली का शिस्त? ते गप्प झाले. आणखी एक प्लेट पोहे मागवून म्हणाले, "असं करा. रक्ताची बाटली क्वार्टर मास्टरच्या ताब्यात द्या. 'रक्त, मानवी, एक नग.' कुठून आली, कुणी तपासली, कुणाला दिली, सही. बघतो कसा कागद हरवतो!" राष्ट्रीय सुरक्षेवर इतकी स्वस्त सूचना अलीकडे ऐकली नव्हती.

ती अमलात येईपर्यंत मूळ गोष्टींचा विसर पडू नये. घटनेच्या 33 व्या कलमानं संसदेला सैनिकाच्या मूलभूत हक्कांना कात्री लावता येते. पण त्या कात्रीनं ग्राहक आयोगाचा दरवाजा कापलेला नाही. तिथे मुदत दोन वर्षांची. अपंगत्वाच्या पेन्शनचा तंटा असेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. मध्य प्रदेशासाठी त्याचं खंडपीठ जबलपूरला बसतं. डिस्चार्ज स्लिप, तपासण्यांचे अहवाल, मेडिकल बोर्डाचं मत यांच्या प्रती घरच्या ट्रंकेत असाव्यात. कागद मागायचे ते लेखी मागावेत आणि अर्जावर पोच घ्यावी. सॅल्यूट खुशाल करावा, पण त्याची पोच मिळत नाही.