फाइव्ह नाइन, धन्यवाद

पेणमध्ये कुणाच्या घरी जाऊन थेट कामाचं बोलायला सुरुवात केलीत, की तुम्ही मुंबईचे ठरता. आधी पाणी, मग 'कधी आलात', मग 'वडखळला किती अडकलात', मग घरच्या सगळ्यांच्या तब्येती, मग चहा. निघताना चपला पायात घालून उंबऱ्यावर आणखी अर्धा तास. एवढ्यात कामाचं निघालं तर निघालं, नाहीतर पुन्हा यायला निमित्त होतं. अशा गावात डीएक्सवाला माणूस निपजावा, ही दैवाची थट्टाच म्हणायची.

डीएक्सवाला ही हॅम रेडिओवाल्यांतली एक पोटजात. दूरसंचार विभागाची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा आणि हौसेखातर बिनतारी यंत्रावर बोलायचं, एवढं सगळेच हॅम करतात. डीएक्सवाल्याला मात्र जवळची माणसं चालत नाहीत. कोल्हापूरहून कुणी प्रेमानं हाक मारली, तर हा 'मित्रा, मी जरा डीएक्स ऐकतोय' म्हणून पुढे सरकतो. शंभर देशांशी संपर्क झाले की अमेरिकेतल्या हॅम संघटनेचं डीएक्ससीसी प्रमाणपत्र मिळतं. ते मिळालं की माणूस ताळ्यावर येईल, अशी घरच्यांची समजूत असते. तो दोनशेच्या मागे लागतो.

आमच्या आळीतले काका या जातीचा अस्सल नमुना. मोर्स शिकून जनरल ग्रेडचा परवाना काढलेला, गच्चीवर यागी अँटेना, जिन्याखालच्या खोलीत रिग, म्हणजे बिनतारी यंत्र. त्या खोलीला काका शॅक म्हणतात, काकू अडगळ म्हणतात. भिंतीवर दोन घड्याळं. एक काकूंचं. दुसरं जागतिक वेळेचं, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे, कारण लॉगबुकात तीच वेळ लिहायची असते. संध्याकाळी साडेसहाला तिथे एक वाजलेला असतो आणि नवा पाहुणा मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघतो. पाहुण्यांची यायची वेळही तीच, दिवेलागणीची, आणि काका नेमके तेव्हाच शॅकमध्ये गडप होतात. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी गिळणारा खालचा थर विरतो, परतवणारा वरचा थर मात्र टिकून असतो. त्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यातून दूरदूरची स्टेशनं ऐकू येतात. काकू पाहुण्यांना एवढंच सांगतात, 'ते संध्येला बसलेत.' तसं पाहिलं तर खोटं नाही.

काकांचं रेडिओवरचं वागणं मात्र इतकं सोज्वळ, की तो माणूस हाच का असा प्रश्न पडावा. दुर्मीळ स्टेशन सापडलं की अडाणी माणूस लगेच बटण दाबून आपलं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, ओरडतो. काका आधी ऐकतात. अर्धा अर्धा तास नुसते ऐकतात. समजा, ते स्टेशन १४.१९५ मेगाहर्ट्झवर बोलतंय आणि म्हणतंय, 'फाइव्ह टू टेन अप'. म्हणजे माझ्या फ्रिक्वेन्सीवर गलका नको, पाच ते दहा किलोहर्ट्झ वर बोला, मी तिथे ऐकतोय. याला स्प्लिट म्हणतात. मग काका शोधतात, की त्यानं मागचा माणूस नेमका कुठे उचलला, त्याच्या मागचा कुठे, हा हळूहळू वर सरकतोय की खाली. अंदाज बांधून बरोबर जागी जातात आणि आपलं पूर्ण कॉलसाइन एकदाच बोलतात. एकदाच! उत्तर आलं नाही तर पुन्हा ऐकतात. समोरचा 'शेवटी किलो असलेला बोला', म्हणजे ज्याच्या कॉलसाइनच्या शेवटी के आहे तो, असं म्हणाला आणि यांच्या शेवटी किलो नसला, तर तोंड घट्ट बंद. शेवटी कधीतरी नंबर लागतो. तिकडून 'फाइव्ह नाइन', म्हणजे आवाज स्वच्छ आणि जोरदार, इकडून 'फाइव्ह नाइन, थँक यू', संपलं. दोन तासांची तपश्चर्या आणि चार सेकंदांचं दर्शन.

सगळेच असे नसतात, हे सांगायला नको. कुणीतरी घाईत स्प्लिटचं बटण विसरतो आणि थेट त्या स्टेशनच्याच डोक्यावर ओरडतो. चूक एकाची. पण त्याला शिस्त लावायला दहा जण तिथेच येऊन 'अप! अप! अप!' असा घोष सुरू करतात आणि बिचारं स्टेशन त्यांच्याच आवाजात बुडतं. हॅम लोक यांना पोलीस म्हणतात. वडखळ नाक्यावर गाडी अडकली की दर तिसऱ्या गाडीतून एकजण उतरून हातवारे करत ट्रॅफिक हवालदार होतो आणि कोंडी आणखी घट्ट बसते, तोच प्रकार. अशा वेळी काका हाताची घडी घालून बसतात. त्यांनी आयुष्यात कुणाला 'अप' म्हटलेलं नाही, आणि सांगायचा हा एकच मोठेपणा असल्यामुळे ते तो बराच सांगतात.

काकूंना यातलं एकच कळलेलं नाही. दक्षिण अटलांटिकमध्ये बुवेट नावाचं नॉर्वेचं बर्फाळ बेट आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत काही हॅम खवळलेल्या समुद्रातून रबरी होड्यांनी तिथे उतरले, तंबू ठोकले आणि रिग लावल्या. काका त्या दिवसांत जेवायलाही शॅकमधून उठत नव्हते.

'त्या बेटावर राहतं कोण?' काकूंनी विचारलं.

'कुणीच नाही.'

'मग बोलायचंय कुणाशी?'

'आत्ता गेलेत ना, त्यांच्याशी.'

'ते इथे असताना का नाही बोललात?'

सभ्यपणाची एवढी सवय लागली की ती हवेपुरती राहत नाही. काका नातेवाइकांना फोन करतात तो असा: 'पेणहून बोलतोय. अण्णांचा ताप? उतरला? छान. ठेवतो.' कुणाच्या घरी समाचाराला गेले की दोन वाक्यं बोलून उठतात. का, तर बाहेर इतर लोक थांबलेत. लग्नात स्टेजवर आहेर देऊन फोटो न काढता खाली उतरणारा माणूस पेण तालुक्यात एकच. रांगेतले लोक दुवा देतात, वधूपिता मात्र वर्षभर विचारत राहतो की आमचं काय चुकलं?

शेजारधर्म त्यांनी पाळला, तोही याच रीतीनं. पेण म्हणजे गणपतीचे कारखाने. शेजारच्या कारखान्यात रंगाच्या फवाऱ्याचा कंप्रेसर धडधडायला लागला, की रिगमध्ये नुसती खरखर. भाद्रपदात एलईडीच्या माळा लागल्या की त्यांच्या स्वस्त अडॅप्टरमुळे सगळा बँड शेवाळल्यासारखा होतो. दुसरा कुणी असता तर भांडला असता. काका घरोघर गेले आणि स्वखर्चानं वायरींवर फेराइटच्या काळ्या कड्या बसवून आले. कशासाठी ते एका वाक्यात सांगितलं, म्हणजे कुणालाच कळलं नाही. एका मावशींनी त्या कडीला हळदकुंकू लावलंय.

आता रोह्याचे नाना. धाटावच्या कारखान्यातून निवृत्त, परवाना नवा, उत्साह दांडगा. स्वभाव मात्र अस्सल कोकणी. लांबच्या स्टेशनला कधी नव्हे ते नानांचं कॉलसाइन ऐकू आलं. त्यानं 'फाइव्ह नाइन' दिलं. मागे जगभरातले शेकडो लोक खोळंबलेले. आणि नानांनी आरंभ केला: माझं नाव अमुक, गाव रोहा, आर ओ एच ए, मुंबईच्या दक्षिणेला, कोकण रेल्वे इथूनच सुरू होते, आमच्या ग्रामदैवताच्या पालखीला पोलीस सलामी देतात, हवा दमट आहे, तुमच्याकडे काय? पलीकडचा म्हणाला, 'सेव्हन्टी थ्री, क्यूआरझेड', म्हणजे नमस्कार, पुढचा कोण? नाना अजून दुखावलेले आहेत. 'एवढ्या लांबून बोलायचं आणि साधं कसे आहात विचारायचं नाही? मॅनर्स शिकवतात मला!'

मला विचाराल तर नाना अगदीच चुकीचे नाहीत. सकाळी चाळीस मीटर बँडवर देशभरातल्या हॅमची गप्पांची नेट भरतात. तिथे बंगळूरपासून बडोद्यापर्यंतची माणसं नानांची वाट बघतात, आणि काका तिथे डोकावतही नाहीत. पण दूरच्या स्टेशनचा न्याय निराळा, आणि त्याला काकांकडे एक दाखला आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचा हॅम चमू अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेला होता. तिथून हॅम रेडिओ क्वचितच लागायचा, म्हणून जग त्यांच्यामागे. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, फोन गेले आणि डीएक्ससाठी नेलेल्या त्याच रिगवरून माणसांची खुशाली मुख्य भूमीवर जाऊ लागली. काका ही गोष्ट सांगतात आणि म्हणतात, थोडक्यात आणि स्पष्ट बोलायची सवय आधीपासून असावी लागते. नाना म्हणतात, शेवटी विचारली ती खुशालीच ना?

पेण ते रोहा रस्त्यानं चाळीसेक किलोमीटर. मध्ये कासू, नागोठणे, निडी अशी तीन स्टेशनं, ती रेल्वेची. पण वीस मीटर बँडवर पेणहून ब्राझील लागतं आणि रोहा लागत नाही. लहर वर आयनांबरापर्यंत जाते आणि परतते ती शेकडो किलोमीटर पलीकडे. मधल्या टापूत शुकशुकाट, त्याला स्किप झोन म्हणतात. म्हणूनच रिकाम्या वाटणाऱ्या फ्रिक्वेन्सीवरही 'इथे कुणी आहे का' असं आधी विचारायचं असतं. आपल्याला ऐकू न येणारा माणूस तिथे असू शकतो, आणि काकांच्या बाबतीत तो हमखास नाना असतो.

नातवानं नानांच्या कॉम्प्युटरवर एफटी८ चढवून दिलं. २०१७ मध्ये आलेली ही पद्धत नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांची. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या, कॉलसाइन, ठिकाणाचा चौकोन, रिपोर्ट, नमस्कार. सगळं यंत्रच बोलतं. वाटलं होतं, काकांना हे पसंत पडेल. काका भडकले. 'एवढं कमी बोलणं म्हणजे उद्धटपणा आहे.' त्यात आणखी एक अपमान झाला. त्या पद्धतीत पेण आणि रोहा एकाच चौकोनात येतात, एमके ६८. मुंबईच्या बऱ्याचशा भागाला वेगळा चौकोन आहे. जगाच्या नकाशावर काका आणि नाना शेजारी शेजारीसुद्धा नाहीत, एकाच घरात आहेत.

परवा संध्याकाळी प्रशांत महासागरातलं एक बेट लागलं. गर्दी कमी, आवाज स्वच्छ. काकांनी एका हाकेत ते मिळवलं, लॉगमध्ये लिहिलं आणि रीतीप्रमाणे फ्रिक्वेन्सी सोडली. नानांना हे बेट हवं होतं, म्हणून फोन लावला.

'नाना, एकवीस मेगाहर्ट्झ, पाच वर, लगेच बसा.'

'बसतो हो. आधी सांगा, काकूंचं गुडघ्याचं कसं आहे?'

'बरं आहे. नाना, बँड बंद होतोय.'

'डॉक्टर काय म्हणाले? तेल कुठलं लावतात?'

काकांच्या शॅकमध्ये ते बेट खरखरीत बुडत चाललं होतं. डॉक्टर काय म्हणाले हे काकांना ठाऊक नव्हतं. फोन तसाच हातात धरून ते स्वयंपाकघरात विचारायला गेले.